सव्वादोन वर्षांचा सौदा

आमच्या घरमालकीणबाईंनी मला फसवलं. मी त्यांना नाही, त्यांनी मला. आणि तेही माझ्याच धंद्यातल्या युक्तीने. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल चार बऱ्या गोष्टीही सांगणार आहे, आणि त्या वाचून कोणाला वाटायला नको की माझा राग गेला.

माझं भांड्यांचं दुकान आहे, उज्जैनमध्ये, नानाखेड्याला, बस स्टँडसमोरच्या ओळीत. वडील रेल्वेत शिपाई होते, ते लवकर गेले. सोळाव्या वर्षी मी सायकलीला दोन्ही बाजूंनी पातेली बांधून कॉलन्यांमधून हिंडायला लागलो. त्या सायकलीवर एक गोष्ट शिकलो. पहिला भाव हा भाव नसतोच, तो नुसता नमस्कार असतो. खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं. मी आजवर पहिल्या भावाला काहीही घेतलेलं नाही. सब्जी नाही, जमीन नाही, लग्नाचा बँड नाही. राम घाटावर वडिलांचं श्राद्ध करायला गेलो तेव्हा गुरुजींनी सांगितलेली दक्षिणासुद्धा मी निम्म्यावर आणली. गुरुजी म्हणाले, "यजमान, पितर सुन रहे हैं." मी म्हटलं, "सुनने दो, उन्हीं से सीखा है." वडिलांकडून मी असलं काही शिकलो नव्हतो, ते बिचारे मागेल त्याला मागेल ते देणारे होते. पण सौद्यात एवढं चालतं.

लग्न झाल्यावर मी माधव नगरात खोल्या शोधत होतो. तेव्हा गच्च्यांवर डिश अँटेना उगवायला लागल्या होत्या, रोज नवी वस्तू बाजारात येत होती, आणि माझ्या दुकानात काळे गुळगुळीत नॉनस्टिक तवे आले होते. धंदा जोरात होता. मला दोन खोल्या, गच्ची आणि नळाला पाणी हवं होतं. कोणीतरी बाईंचं घर सांगितलं. बाई सरकारी दवाखान्यात हेल्थ व्हिजिटर होत्या. नोकरीभर सायकलवर, मग मोपेडवर गावोगावच्या बाळंतिणी बघत फिरल्या होत्या. आता रिटायर होऊन खाली एकट्या राहत आणि वरचा मजला दोन बिऱ्हाडांना देत. एका बिऱ्हाडात एक बँकवाले साहेब आणि त्यांची बायको होती. दुसरं रिकामं होतं.

बाईंनी भाडं सांगितलं. मी माझ्या पद्धतीने हसलो, भिंतीची ओल दाखवली, खिडकी उघडून परत लावली आणि निम्मा आकडा सांगितला.

"एकच भाव," बाई म्हणाल्या.

मी पाऊण सांगितला. त्या माझ्या बायकोकडे वळल्या. तीन आठवड्यांची नवरी, एकोणीस वर्षांची, हातात अजून हिरवा चुडा. बाईंनी तिची हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत पाहिलं.

"ही पांढरी आहे," त्या मला म्हणाल्या.

"गोरी म्हणा की, बाई."

"गोरी नाही, पांढरी. हिच्या अंगात रक्त नाही. खोल्या देते, पण सहा महिने पाळणा आणू नका. आधी हिला भरू द्या."

मी खोल्या त्यांनी सांगितलेल्याच भावाला घेतल्या, कारण पाणी खरंच चांगलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी असा हरलो, आणि वर मला माझ्या संसारावर भाषण ऐकावं लागलं. संध्याकाळी चहाच्या ठेल्यावर मित्रांना सांगितलं, "भाईसाहब, मकान मिला है, साथ में फॅमिली प्लॅनिंग फ्री." सगळे हसले. मीही हसलो.

पापणी ओढणं हा बाईंचा नमस्कार होता. लग्नाला गेल्या की त्या स्टेजवर चढत, नवरा-नवरीला आशीर्वाद देत आणि फोटोग्राफरने फ्लॅश मारायच्या आत नवरीची पापणी खाली ओढत. उज्जैनच्या मराठी घरांत असे कितीतरी लग्नाचे अल्बम निघतील, ज्यांत शालू, मुंडावळ्या, हार सगळं ठीक आहे आणि नवरीचा एक डोळा बाईंच्या अंगठ्यात आहे. आहेराला त्या पाकीट देत नसत. नारळ, गुळाची ढेप आणि टिकलीएवढ्या पिवळ्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या. नवरीच्या सासूला वाटे, पाळणा लांबवायच्या गोळ्या आहेत. ती भडके. मग बाई मांडवातच समजावत, "अहो, उलट आहे. मूल हवं असेल तर तीन महिने आधीपासून ही रोज एक घ्यायची. बाळाचा कणा नीट बनतो. दिवस गेल्याचं कळेपर्यंत तो बनूनसुद्धा गेलेला असतो." हे सगळं जेवणाच्या पंगतीत, मोठ्याने. मठ्ठा वाढणारा वाटी हातात धरून तसाच उभा.

त्यांच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत. हिमोग्लोबिन मात्र राहत असे. सब्जी मंडीत त्या पलीकडच्या रांगेतल्या बाईला हाक मारत, "ओ साढ़े नौ वाली! रुक!" आणि ती साडेनऊवाली टमाटे टाकून पळे. आमच्या शेजारच्या शिक्षिकाबाईंना त्या आयुष्यभर "अकरा" म्हणाल्या. त्या नंतर तेरावर गेल्या तरी बाई म्हणत, "ती अकरा होती ना, तिचं आता तेरा आहे."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या दारात वजनकाटा ठेवत. आधी काट्यावर चढायचं, मग तिळगूळ. पंचेचाळीस किलोच्या खालच्या बाईला दोन लाडू जास्त. जाड्या बायका मागच्या दाराने येऊ पाहत, तर त्या म्हणत, "लाजायचं काय त्यात? वजन जास्त असेल तर शुगर बघून घे, आणि मग दे घरात गोड बातमी." वाण म्हणून लोखंडी पळी. ती त्या माझ्याच दुकानातून घेत, आणि मी सांगेन तो भाव निमूट मोजत. मला याचं फार वाईट वाटे. समोरचा भाव करत नसेल तर मला वस्तू विकल्यासारखं वाटत नाही, दान घेतल्यासारखं वाटतं. एकदा मी म्हटलंसुद्धा, "बाई, जरा कमी करा म्हणा ना."

"मला ते जमत नाही," त्या म्हणाल्या. "खरा असेल तो सांगा."

हे वाक्य लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं. या बाईला भाव करता येत नाही, ही माझी पक्की खात्री होती, आणि त्या खात्रीवरच मी फसलो.

पुरुषही त्यांच्या तावडीतून सुटत नसत. लग्नाला निघालेल्या नवरदेवाला त्या घोड्याजवळ गाठून विचारत, "तंबाखू खातोस? शुगर तपासलीस?" बँकवाले साहेब सिगारेट ओढायला गच्चीवर गेले की खालून आवाज येई, "साहेब, बाप काय फक्त पेढे वाटायला असतो का?" साहेब सिगारेट विझवून खाली येत. शिकलेला माणूस, पण बाईंपुढे शाळेतल्या पोरासारखा. मी नाही असा. मी दाढेत तंबाखू ठेवून त्यांच्या अंगणातून जात असे, मुद्दाम सावकाश.

त्यांचं एक म्हणणं मात्र माझ्या आईलाही खोडता यायचं नाही. त्या म्हणत, "पोटुशी झाली की जो तो बदाम घेऊन येतो. त्याच्या आधी एकजण विचारत नाही, पोरी, तू जेवलीस का?"

आम्ही सहा महिने काही थांबलो नाही. दुसऱ्याच महिन्यात बायकोला दिवस गेले. मी पेढे घेऊन खाली गेलो. बाईंनी पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाल्या, "आता पळत पळत भरावं लागेल." मग त्यांनी गोळ्या, गूळ-फुटाणे, आवळे, बथुआची भाजी सगळं सुरू केलं. बायको ओकायची. आई म्हणायची, आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या. आठव्या महिन्यात एका दुपारी मला दुकानात निरोप आला. मी पोचलो तोवर मुलगी झालेली होती, पावणेदोन किलोची, तळहातावर मावेल अशी. आणि बायकोचं रक्त थांबत नव्हतं.

त्या दुपारी मी कुठेच भाव केला नाही. ज्याने जे मागितलं ते दिलं. रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या, त्यातली एक मी दिली. बाई बाहेरच्या बाकावर पदर खोचून बसून होत्या. मी वाट बघत होतो, की आता त्या म्हणतील, "मी सांगितलं होतं." म्हणाल्या असत्या तर मी कडाकडा भांडलो असतो आणि मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. माझ्या दंडावरच्या कापसाकडे बघून म्हणाल्या, "काही खाऊन घ्या, शेठ. चक्कर येईल."

दोघी वाचल्या. मुलीला बायकोने महिनाभर पदराआड उराशी बांधून ठेवलं. बाई रोज वजनकाटा घेऊन वर येत.

आता मुद्द्यावर येतो.

मुलगी सात महिन्यांची झाली, गुबगुबीत झाली. आईने सुरू केलं, "लागून झालेलं बरं असतं. एकाच कढत्या पाण्यात दोघं न्हातात." मलाही पटत होतं. दुकानाशेजारचा गाळा घेतला होता, सगळं वाढत होतं, मग घर का नाही? बायको काही बोलत नसे. ती तशीही फार बोलत नसे. जिना चढली की मध्ये एकदा थांबून कठड्याला धरायची, एवढंच.

एका रविवारी बाईंनी मला खाली बोलावलं. ओट्यावर बसल्या होत्या, पुढ्यात परातभर मटार.

"बसा शेठ. दुसरं कधी म्हणताय?"

दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी त्याची परात उलटी केली असती. पण या बाईने माझ्या मुलीला वाढवलं होतं. म्हटलं, "हिचा पहिला वाढदिवस झाला की बघू."

"पाच वर्षं," बाई म्हणाल्या.

"पाच? बाई, पाच वर्षांत सरकार बदलतं."

"बदलू दे. हिची तब्येत भरायला वेळ लागतो. मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नाहीत."

आता "एकच भाव" येणार, अशी वाट बघत होतो. तो आला नाही. त्या मान खाली घालून मटार सोलत राहिल्या, आणि ते सोलणं सावकाश झालं. माझा कान तीस हात अंतरावरून ओळखतो, गिऱ्हाईक कधी ढिलं पडलं ते.

"दीड," मी म्हटलं.

"साडेचार. पण घरात लोखंडी कढई पाहिजे. ते तुमचे गुळगुळीत तवे दुकानात ठेवा."

"कढईचे सहाच महिने? वर्ष काढा."

"बरं, चार. भाजी त्यातच करायची आणि पानात लिंबू."

"दिलं. आणखी काढा."

"जेवण झालं की लगेच चहा पिता दोघं. तो बंद. तासभर थांबायचं. चहा गोळीतलं लोह अंगी लागू देत नाही. साडेतीन."

मी उठलो. ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी खूण आहे. उठायचं, चप्पल घालायची, मागे बघायचं नाही. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होतो तेव्हा हाक आली, "अहो शेठ, या इकडे."

मला त्या हाकेचा आनंद अजून आठवतो. भाड्याच्या वेळी ज्या बाईने मला उभं जाळलं होतं, ती आता मला परत बोलावत होती.

"तीन," बाई म्हणाल्या. "पण तंबाखू सोडा."

"मूल तिला व्हायचंय, मला नाही."

"बाप काय फक्त—"

"पेढे वाटायला असतो का, माहीत आहे. तंबाखूचं पुरं वर्ष घेईन. दोन."

"अडीच."

"दोन."

"सव्वादोन," बाई म्हणाल्या, "आणि याच्या खाली मी मेले तरी येणार नाही. शेवटचे तीन महिने पिवळी गोळी. आणि तेव्हा हिचं बारा भरलेलं पाहिजे. बारा नसेल तर सौदा रद्द."

"मंजूर."

"आणि तोवर तांबी बसवून घ्यायची. तांब्याचीच असते, तुमच्या धंद्यातली. घाबरू नका."

मी घाबरलो नव्हतो. पाचाचे सव्वादोन केले होते! पावणेतीन वर्षं तोडली होती, आणि बदल्यात काय दिलं तर एक कढई, दोन कप चहा आणि एक पुडी. मी वर बघितलं. बायको मुलीला कडेवर घेऊन दारात उभी होती, दुसरीकडेच बघत. मी तिला डोळ्यानेच सांगितलं, बघ, याला म्हणतात भाव करणं.

आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "सुनेचा सौदा करून आलास?" मी म्हटलं, "आई, पावणेतीन वर्षं वाचवली." ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

शब्द दिला की मी पाळतो. लोक मला चिकट म्हणतात, खोटा कोणी म्हणत नाही. कढई आली. चहा तासाभराने प्यायला लागलो, तो तास मी घड्याळ बघण्यात घालवत असे. तंबाखूने मात्र घाम फोडला. पहिल्या पंधरवड्यात मी एका गिऱ्हाइकाच्या अंगावर कुकरचं झाकण फेकलं. तेव्हापासून बाई दुपारी मोपेडवर दुकानात येऊन बसायला लागल्या, हातात बडीशेपेची डबी. मला हात दाढेकडे नेताना पाहिलं की डबी पुढे. गिऱ्हाइकांना वाटे, माझ्या सासूबाई आहेत. बाई त्यांना सांगत, "नहीं, मैं इनकी पार्टी हूँ. सौदा चल रहा है."

बायकोचं साडेआठ होतं, दहा झालं, अकरा झालं, तिथे चार महिने अडकलं. मग एक दिवस भर बाजारात मोपेड रस्त्यावरच उभी करून बाई ओरडल्या, "शेठ, बारा!" समोरचा इंदूरच्या बसचा कंडक्टर म्हणाला, "अम्मा, अभी ग्यारह ही बजे हैं." मी त्या दिवशी दुकान अर्ध्या दिवसाने बंद केलं. का केलं, कोणी विचारलं तर सांगता आलं नसतं.

दुसरीही मुलगी. भरल्या दिवसांची, तीन किलो शंभर ग्रॅम. बायको तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी दवाखान्याच्या बाहेर आली आणि रिक्षावाल्याशी भाव करायला लागली. मी काही बोलायच्या आत तिने त्याला निम्म्यावर आणलं होतं. मला वाटलं, संगतीचा गुण.

त्यानंतर पंधराएक वर्षं मी ही गोष्ट सांगत आलो. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, नातेवाइकांना, माल घेऊन येणाऱ्या दलालांना. "बाईने पाच सांगितले होते, पाच! मी उठलो, चप्पल घातली..." पायऱ्या चढायची नक्कलसुद्धा करून दाखवत असे. बायको पोहे आणून ठेवायची, वर शेव घालायची आणि म्हणायची, "लिंबू पिळून घ्या." कधी चुकून हसली नाही. आम्ही स्वतःचं घर बांधून नानाखेड्याला गेलो, तरी गोष्ट चालूच होती. बाईंच्या देखतही मी दोनदा सांगितली. त्या म्हणाल्या, "हो बाबा, तुम्ही मोठे." आणि खाली बघितलं. मला वाटलं, हरल्याची लाज.

बाई गेल्या त्या झोपेतच. तेराव्याला आम्ही दोघं गेलो. अर्धं माधव नगर होतं. सगळ्या जणी एकमेकींना आपापले आकडे सांगून रडत होत्या. बँकवाले साहेब भोपाळहून आले होते, त्यांची बायकोही होती. जेवताना मी साहेबांना गोष्ट सांगायला लागलो. चपलेपर्यंत आलो होतो, एवढ्यात त्यांची बायको म्हणाली, "पाच? पण भाऊसाहेब, आम्हाला तर दोन सांगितली होती. मूल दोन वर्षांचं झालं की मग पुढचं. सगळ्यांनाच दोन. नोकरीत असल्यापासून त्यांचं तेच होतं. बाईंचा कुठे दुसरा भाव असायचा?"

माझ्या हातातला घास हातात राहिला. साहेबाला दोन, शिक्षिकाबाईला दोन, साढ़े नौ वालीला दोन. सगळ्या गावाला एकच भाव, आणि मला पाच. म्हणजे मी सव्वादोनला घेतलं ते तीन महिने जास्त देऊन. वर कढई, चहा आणि तंबाखू. शिकलेल्या माणसाला सरळ भाव आणि सायकलवर पातेली विकलेल्याला बाजारातला, असंच ना? मी समोरच्या पंगतीत बघितलं. बायको पानातल्या भाताकडे फार लक्षपूर्वक बघत होती. एवढं बघण्यासारखं त्या भातात काही नव्हतं.

घरी आल्यावर विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पाच मीच सांगायला सांगितलं," ती म्हणाली.

कुकर चढवता चढवता म्हणाली. जसं काही "दूधवाला येऊन गेला" म्हणावं तसं.

"तू? का?"

"पहिलीच्या वेळी दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतं?"

मला आठवत नव्हतं.

"दोन वर्षं दिवस राहता कामा नये, नाहीतर पुढच्या खेपेला मी हमी देत नाही, असं म्हणाल्या. तुमच्याकडे बघून म्हणाल्या. तुम्ही म्हणालात, 'डॉक्टर लोग तो बोलते ही हैं,' आणि रिक्षावाल्याशी भाव करायला लागलात. मी मुलीला घेऊन उन्हात उभी होते." तिने कुकरचं झाकण लावलं. "रिक्षात बसले तेव्हाच मला कळलं, तुम्हाला दोन सांगितलं तर एक होणार. मग बाईंकडे गेले. म्हटलं, पाच सांगा. त्या ऐकेनात. मला खोटं जमत नाही म्हणाल्या. चार दिवस रोज दुपारी मी त्यांना शिकवलं. कुठे थांबायचं, कुठे कढई मागायची, तुम्ही उठलात की कितव्या पायरीवर हाक मारायची. त्यांचे हात थरथरायला लागले, म्हणून मटार दिले पुढ्यात. तुमच्याकडे बघितलं तर आपण हसू नाहीतर रडू, म्हणत होत्या."

मी पाटावर बसलो. कुकरची पहिली शिट्टी झाली.

"आणि मी दीड वर्षावरच अडून बसलो असतो तर?"

"बाईंनी आम्हा दोघींसाठी खालची मागची खोली धुऊन ठेवली होती," ती म्हणाली. "पाळणा आधीच नेला होता. तुम्हाला वाटलं, दोरी बदलायला नेलाय."

एवढं बोलून ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली.

आता माझं म्हणणं ऐका. धंद्यात भाव चढवून सांगणं मला मान्य आहे, मीही सांगतो. पण माल झाकून सौदा करत नाहीत. त्या ओट्यावर मला वाटत होतं की महिन्यांचा भाव चाललाय. समोर तिचा जीव मांडलेला होता, माझं घर मांडलेलं होतं, आणि हे तिथल्या तिघांपैकी दोघींना माहीत होतं. मी चप्पल घालून दोन पायऱ्या चढलो, शीळ घालत. तिसरी चढलो असतो तर? डॉक्टरीणबाईंचं मी ऐकलं नाही, ते माझं चुकलं. लिहून देतो. पण ज्या माणसाने दवाखान्यात तिच्यासाठी बाटलीभर रक्त दिलं होतं, त्याला एकदा, फक्त एकदा, त्याच्या बायकोने समोर बसवून म्हणायला काय हरकत होती, की मला मरायचं नाही, थांबा?

बाई उत्तर द्यायला उरल्या नाहीत. जी उरली आहे ती रोज माझ्यासमोर जेवायला बसते, माझ्या पानात लिंबू ठेवते आणि विचारलं की म्हणते, "आता काय त्याचं, झालं ना सगळं नीट." हे उत्तर नाही. मुली मोठ्या झाल्या, त्यांनाही ही गोष्ट कळली आहे, त्या हसतात आणि आईच्या बाजूला जाऊन बसतात. त्यांच्यासमोर विचारतो. त्या दिवशी मी परत फिरलो नसतो, तर तू खरंच त्या खोलीत गेली असतीस? हो, की नाही? गोल बोलू नकोस, भाव करू नकोस. सांग.